नऊ ग्रीन्स, एक चाल : प्रकल्प नोंदी, वडोदरा

१४ मे २०२४

आमच्या गोल्फ मैदानाच्या कमिटीच्या कागदावर प्रकल्पाचं नाव 'ग्रीन्सचा वेग वाढवणे' असं आहे. ग्रीन म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. या वहीत मी ते खोडून 'नऊही ग्रीन्सची चाल एकसारखी करणे' असं लिहिलंय. कमिटीला अजून सांगितलेलं नाही.

सकाळच्या कापणीनंतर सगळ्या ग्रीन्सवर स्टिम्पमीटर लावला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: ही ३६ इंच लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, मधे खाच. एका टोकाकडे चेंडू बसेल असा खड्डा. पट्टी हळूहळू उचलायची. साधारण २० अंशांवर आली की चेंडू आपणहून सुटतो आणि उतरून गवतावर घरंगळत जातो. तीन चेंडू एका दिशेनं, तीन उलट दिशेनं, सरासरी काढायची. जितके फूट चेंडू गेला तितका ग्रीनचा वेग. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन खेळाडूनं १९३५ मध्ये ही कल्पना काढली, आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं सुधारून १९७८ पासून ती मैदानवाल्यांच्या हाती दिली. खेळाडूंना आकडे दाखवून मिरवावं म्हणून ती दिलेली नव्हती. एका मैदानावरची ग्रीन्स आपसात जुळतात का, हे बघायला दिली होती.

आमची जुळत नाहीत. तिसरं ८ फूट १० इंच. सहावं ६ फूट ४ इंच. बाकीची मधे कुठेतरी.

तक्रारवहीत 'सहावं खराब' असं वर्षभर येतंय. पण खेळाडूंच्या पिशव्या उचलणाऱ्या कॅडी मुलांना बसवून विचारलं तर त्यांनी वेगळंच सांगितलं: साहेब लोक सर्वांत जास्त चिडतात ते सातव्यावर. थोडा विचार केला आणि पटलं. पाच ग्रीन्सवर हात एका वेगाला बसलेला असतो. सहाव्यावर चेंडू होलच्या मीटरभर आधी थांबतो, दुसरा पटही (ग्रीनवरचा घरंगळता फटका) आखूड पडतो. खेळाडू दात-ओठ खात सातव्यावर येतो, तिथे जोर लावून मारतो आणि चेंडू होल ओलांडून थेट पलीकडच्या काठाला. सातव्याचं गवत बिचारं ठीकच आहे. शिव्या मात्र त्याला.

कमिटीला १० फूट हवेत, कारण टीव्हीवर त्याहून जास्त दिसतात. आमची ग्रीन्स जुन्या घडणीची आहेत, काही ठिकाणी उतार शंभराला चार. तेवढ्या उतारावर १० फुटांच्या वेगात चेंडू सहजी थांबत नाही. म्हणजे प्रत्येक ग्रीनवर होल कापायला दोन-तीनच सपाट जागा उरतील, सगळे पाय तिथेच पडतील, आणि तिथलं गवत दिवाळीपर्यंत संपेल. माझा आकडा साडेआठ, आणि नऊही ग्रीन्स अर्ध्या फुटाच्या आत.

२० मे

सहाव्याच्या मधोमध नळीनं कोर, म्हणजे मातीचा उभा नमुना, काढला. हातभर लांब नाही, वीतभर. पण त्यात मागची पंधरा-वीस वर्षं दिसली.

वर बोटाच्या पेराएवढा तपकिरी, दाबला की उसळणारा थर: मेलेल्या मुळ्या-काड्यांचा थॅच. त्याखाली रेती, ठीकठाक. मग सुतासारखी सरळ काळी रेघ. शेतातली काळी माती आणि शेणखत एकत्र करून कुणीतरी कधीतरी ग्रीनवर 'ताकद' म्हणून पसरलं असणार. रेघेच्या वरची रेती ओलीचिंब, खालची कोरडी. पाणी त्या रेघेवर येऊन अडतं. कोर नाकाशी नेला तर सडक्या अंड्याचा वास. मुळं रेघेपर्यंत येऊन आडवी वळलेली, एकही खाली उतरलेलं नाही.

तिसऱ्याचा कोर काढला तर मुळं वीतभर खाली, रेती सलग, वास काहीच नाही. तिसरं उंचवट्यावर आहे, वारा मिळतो, आणि त्यावर कुणी कधी 'ताकद' टाकली नसावी.

सहाव्याची दुसरी अडचण पूर्वेची. तिथे आसोपालवांची रांग आहे, शिवाय एक मोठा कडुनिंब. सकाळी साडेदहापर्यंत अर्ध्या ग्रीनवर ऊन पडत नाही. आमच्या ग्रीन्सवर टिफड्वार्फ आहे, म्हणजे हरळीचीच संकरित जात, १९६५ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला निघालेली. हरळीला सगळं चालतं, सावली चालत नाही. सावलीत ती उंच, विरळ, लुसलुशीत होते आणि चेंडू धरून ठेवते.

आसोपालव कापायचं नाव काढलं तर कमिटीतले दोघे उठून उभे राहिले. ते झाड कुणीतरी कुणाच्या तरी आठवणीत लावलेलं आहे. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या उतरवायची परवानगी मिळाली. सध्या तेवढंच.

२७ मे

कोरिंग, म्हणजे ग्रीनभर भोकं पाडून त्यांत रेती भरणं, सुरू. पारा ४३ च्या आसपास, माळीकाका डोक्याला ओला गमछा बांधून भोकं पाडणाऱ्या एरेटरच्या मागे.

पोकळ दाते १२ मिलीमीटर जाडीचे, दर ५ सेंटिमीटरला एक भोक. हिशेब करून बघितला: एका फेरीत ग्रीनचा जेमतेम साडेचार टक्के भाग बदलतो. म्हणजे बाहेर काढलेल्या थॅचच्या आणि मातीच्या जागी रेती भरायची तर एका वर्षात काम संपत नाही. हे मी कमिटीला लेखी दिलंय, कारण जुलैत कुणीतरी 'एवढं करून काय फरक पडला' म्हणणार.

रेती ओरसंगची, बोडेलीकडून. बडोद्यात घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ही रेती माहीत आहे, पण घराला चालते ती ग्रीनला चालेलच असं नाही. आपल्याला बहुतेक कण पाव ते एक मिलीमीटरमधले हवेत. त्याहून बारीक पूड असेल तर ती फटी बुजवते आणि आपण नव्यानं तीच काळी रेघ तयार करतो. पहिला ट्रक आला, काचेच्या बाटलीत रेती-पाणी घालून हलवलं, अर्ध्या तासानं वर गाळाचा बोटभर थर. ट्रक परत. ड्रायव्हर म्हणाला, "बेन, आ तो एक नंबर छे, बिल्डरो लई जाय छे." बिल्डरांना द्या म्हटलं. दुसरा ट्रक धुतलेला आला, चाळणी लावून घेतला.

भोकं भरायला काथ्याची चटई दोरीनं ओढायची आणि वरून बांबूचे झाडू. यंत्रापेक्षा हे आमच्याकडे चांगलं जमतं. छोटा उदेपूरकडची मुलं झाडू अशा तिरक्या हातानं मारतात की रेती भोकात पडते आणि पात गाडली जात नाही.

संध्याकाळी एका सभासदांचा फोन: ऐन सुट्टीत ग्रीन्सची चाळण केली, हे हिवाळ्यात का नाही करत? हिवाळ्यात हवा छान, खेळायलाही छान, म्हणूनच नाही. रात्रीचा पारा १५ च्या खाली गेला की हरळी वाढायची थांबते. डिसेंबरात पाडलेलं भोक होळीपर्यंत तसंच राहील. मेमध्ये तेच दोन-तीन आठवड्यांत भरतं. जेव्हा खेळायला सर्वांत वाईट तेव्हा गवताला सर्वांत चांगलं, असंच या हवेत आहे.

११ जून

भोकं मिटत आली. वेग सगळीकडे उतरला, तिसरंही साडेसातवर. रेती खरखरते, चेंडू उड्या मारत जातो. तक्रारवहीचं एक पान भरलं. उत्तर लिहिलेलं नाही.

२५ जून

आज दिवसभर मशीनपाशी. पाऊस अजून अंगात आलेला नाही, त्यामुळे वेळ मिळाला.

वेगाबद्दल बोलताना सगळे गवताच्या उंचीवर येतात, पण पात कापली जाते की फाटते हे कुणी बघत नाही. रील मोअर कात्रीच्या तत्त्वावर चालतो: फिरणारी पाती आणि खालचं स्थिर बेडनाइफ. दोन्हींमध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून रील हातानं फिरवायचं. पूर्ण लांबीभर कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. आमच्या मशीनवर डाव्या टोकाला कापायचा, मधे नुसता दुमडायचा. म्हणजे प्रत्येक पट्ट्याच्या मधे पात फाटत होती. गुडघे टेकून भिंगातून पाहिलं तर शेंड्यांना पांढुरके केस. चार दिवसांनी तेच शेंडे तपकिरी होतात आणि लांबून ग्रीन आजारी दिसतं. मग कुणीतरी युरिया सुचवतं.

धार काढायची लॅपिंग पेस्ट लावून पाती घासली. उंची ४.५ मिलीमीटरवर बांधली. सगळ्या ग्रीन्सना एकच मशीन, एकच उंची, आजपासून.

दुसरी गोष्ट दिशेची. शेड दक्षिणेला आहे म्हणून सहावं वर्षानुवर्षं उत्तरेकडून दक्षिणेकडे कापलं जातंय, म्हणजे कापता कापता घरी. हरळी आडवी पडणारी, तिला एक दिशा मिळाली की ती तिकडेच निजते. याला खेळाडू ग्रेन म्हणतात. सहाव्याच्या सपाट भागात दक्षिणेकडे चेंडू उत्तरेपेक्षा दोन फूट जास्त जातो. सरासरीत हे दिसत नाही, पट मारणाऱ्याला मात्र दिसतं. होलच्या कडेलाही कळतं: एका बाजूची कड धारदार आणि हिरवी, समोरची पिंजलेली आणि तपकिरी. गवत त्या पिंजलेल्या बाजूकडे झुकलेलं असतं.

आता घड्याळाचे काटे ठरवले. सोमवारी बारा-सहा, मंगळवारी दोन-आठ, बुधवारी चार-दहा, पुन्हा पहिल्यापासून. शेडच्या भिंतीवर खडूनं घड्याळ काढलंय. माळीकाकांनी ते पाहिलं आणि म्हणाले, दर आठवड्याला डिझेल किती जादा जाईल तेही काढा.

१८ जुलै

पाऊस. आमच्या फेअरवेची, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या गवताच्या पट्ट्याची, माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल. चेंडू पडला की रुततो, आणि नियमानं तो उचलून पुसून बाजूला टाकता येतो, पण त्याआधी सापडला पाहिजे.

खेळाडूंच्या गोल्फगाड्या बंद केल्या. यावर दर वर्षी वाद. वाफसा आल्याशिवाय फेअरवेवर काहीही चालवायचं नाही, मशीनही नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही, पण ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना दर वेळी सांगावं लागतं. एक चाक ओल्या काळ्या मातीवरून गेलं तर नाली पडते, ती सुकून दगड होते आणि पुढचा हंगामभर चेंडू त्यात बसतो.

ग्रीन्सची उंची वाढवून ५.५ केली. आठवडाभर ढग, ऊन नाही, अशात ४.५ ला कापत राहिलं तर पातीत काही उरत नाही आणि शेवाळ चढतं. वेग गेला. जाऊ दे.

कोरिंगचा फायदा पहिल्यांदा दिसला तो मात्र आज. मोठी सर थांबल्यावर सहाव्यावर पाणी मागच्या वर्षी संध्याकाळपर्यंत उभं असायचं. आज तासाभरात बसलं.

३० ऑगस्ट

चार दिवस नोंद नाही. शहरात सैन्य उतरलंय, वीज नाही, दूध नाही. काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्याही वर गेली; धोक्याची रेघ २६ फुटांवर आहे. आजवा सरोवरातून सोडलेलं पाणी आणि वरून पाऊस, दोन्ही एकदम.

मैदानाचा नदीकडचा भाग, म्हणजे सातवं आणि आठवं, पूर्ण पाण्याखाली होतं. माळ्यांपैकी तिघांची घरंही. त्यांना आधी घरचं उरका म्हणून पाठवलं. अशातही एक मेसेज आला की रविवारी खेळ सुरू होईल का. उत्तर दिलं नाही.

आज पाणी ओसरलं. आठव्या फेअरवेच्या कडेला आठ-नऊ फुटी मगर. बडोद्यात याचं नवल नाही, विश्वामित्रीत त्या आहेतच, पण टी-बॉक्सपासून (पहिला फटका मारायच्या जागेपासून) इतक्या जवळ पहिल्यांदा. वनखात्याची माणसं आणि प्राणी सोडवणारी पोरं शहरभर धावत होती, आमच्याकडे दुपारी आली. तोंडावर ओलं पोतं टाकून दोरीनं जबडा बांधला आणि टेम्पोत घातली. तोवर आमचे सगळे लोक आठव्या टीवरच्या बाकावर उभे.

खरं काम त्यानंतर. सातव्या ग्रीनवर बोटभर आणि आठव्यावर त्याहून जाड गाळ. हा गाळ ओला असतानाच काढायचा. एकदा ऊन लागून सुकला की त्याची पापडी होते, खाली हवा जात नाही, आणि फोडायला गेलं तर पापडीबरोबर गवतही निघतं. हरळी पाण्याखाली काही दिवस तग धरते, गाळाखाली नाही. लाकडी फळ्यांनी गाळ कडेला ओढला, मग पाइपनं पाण्याचा फवारा मारत पुन्हा फळ्या. पंप जनरेटरवर. अंधार पडेपर्यंत सातवं साफ, आठव्याचं अर्धं. बारीक गाळ तरी रेतीत उतरणारच. मेमध्ये जी रेघ काढायला सुरुवात केली तशीच एक नवी रेघ नदीनं एका रात्रीत दोन ग्रीन्सवर आखून दिली.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. दांडिया बाजारात आमच्या वाड्यातल्या मूर्तीपाशीही पुराच्याच गोष्टी.

सकाळी चौथ्यावर साळुंक्यांचा थवा, नुसता टोचतोय. पक्षी असे एकाच जागी जमले की खाली अळी. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चमचे घालून चौरस मीटरभर ओतलं. पाच मिनिटांत लष्करी अळ्या वर यायला लागल्या, मोजायच्या भानगडीत पडले नाही. पुरानंतर कोवळं गवत फुटतं आणि हिचं पीक येतं. रात्री खाते म्हणून फवारणी संध्याकाळी उशिरा, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाणी बंद.

आठव्यावर दोन ठिकाणी गवत गेलंय. टिफड्वार्फला बी धरत नाही, ती वांझ संकर आहे. त्यामुळे नर्सरीच्या पट्ट्यातून ठोंब उपटून लावावे लागतील. दोन्ही तुकड्यांना दोरी, 'दुरुस्तीखालील जागा' अशी पाटी.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. आजपासून कापणी सातऐवजी साडेआठला. बडोद्यातला माणूस नवरात्रात रात्री दोनला झोपतो, त्याला सातला मशीनवर बसवलं तर पट्टे गरब्याच्या चालीनं पडतील.

कमिटीची बैठक. दिवाळी स्पर्धेपूर्वी ग्रीन्स 'गर्द हिरवी' दिसली पाहिजेत, पाहुणे येणार आहेत. म्हणजे युरिया. नाही म्हटलं. नत्र जास्त झालं की हरळी पानं फेकते, पातळ आणि रसाळ. दुपारपर्यंतच ती दिसण्याइतकी वाढते, चेंडू मंदावतो, थॅच चढतो, आणि बुरशीला आमंत्रण. खेळायला चांगलं ग्रीन बरेचदा थोडं उपाशी असतं, फिकट पोपटी. हे फोटोत चांगलं दिसत नाही, हे मान्य.

शेवटी तडजोड: रंगासाठी हिराकस. लोहामुळे पात दोन-तीन दिवसांत गडद होते, वाढत मात्र नाही. पातळ द्रावण, सकाळी लवकर, आणि सिमेंटच्या वाटेवर थेंब पडू द्यायचा नाही, गंजाचे डाग निघत नाहीत. नत्र द्यायचंच तर चौरस मीटरला एक ग्रॅम, दर पंधरवड्याला. ४०० चौरस मीटरच्या ग्रीनला युरिया होतो ८७० ग्रॅम. माळीकाकांचा हात मुठीनं टाकायचा, त्यांना वजनकाटा दिला तेव्हा ते म्हणाले, "बेन, आ तो सोनीनुं काम थयुं."

१५ ऑक्टोबर

नवा माळी आला, आधी क्रिकेटच्या मैदानावर होता. बडोद्यात खेळपट्टीचं ज्ञान गल्लीगल्लीत आहे, मोतीबाग क्रिकेट मैदान जवळच, त्यामुळे रोलर म्हटलं की प्रत्येकाचं मत असतं. त्यानं आल्या आल्या विचारलं, इथे एवढा हलका रोलर कसा चालतो?

क्रिकेटची पट्टी चिकणमातीची. ओलावा धरून जड रोलर फिरवायचा, माती घट्ट बांधली गेली पाहिजे, गवत तिला फक्त धरून ठेवायला. इथे खाली रेती आहे आणि गवत जिवंत राहून त्यावरून चेंडू घरंगळला पाहिजे. जड रोलरनं रेतीतली हवा गेली की मुळं गेली. हलक्या रोलरचं काम पाती बसवणं आणि उंचसखल दाबणं. त्यानं वेग साधारण अर्धा ते एक फूट वाढतो आणि एक-दोन दिवस टिकतो. उंची आणखी खाली न आणता वेग मिळतो, म्हणून मला रोलर आवडतो. मंद ग्रीन्सवर आठवड्यातून तीनदा, तिसऱ्यावर एकदाच. म्हणजे वेगवान ग्रीनला मुद्दाम मागे धरायचं. हे ऐकून कमिटीतले एकजण म्हणाले, हुशार मुलाला कमी मार्क दिल्यासारखं झालं.

२४ ऑक्टोबर

होल बदलणं. याबद्दल कुणी काही लिहीत नाही, पण खेळाडूचा मैदानाशी शेवटचा संबंध इथेच येतो.

होलचा व्यास १०८ मिलीमीटर, १८९१ पासून तोच. कटर सरळ उभा दाबायचा, फिरवायचा, मातीसकट गवताचा ठोकळा वर. तो कालच्या होलात बसवायचा. इथेच हात कळतो. ठोकळा दोन मिलीमीटर वर राहिला तर उद्याचं मशीन त्याचं टक्कल करतं. खाली गेला तर पाणी धरतो आणि चेंडू त्यावरून जाताना क्षणभर अडखळतो. आमचा एक मुलगा ठोकळा बसवून तळहात उलटा करून त्यावरून फिरवतो, बोटांच्या पाठीनं. म्हणतो, तळव्याला कळत नाही, पाठीला कळतं. मग तळाची माती चिमूटभर काढतो किंवा घालतो, पायानं दाबतो, मगभर पाणी ओततो. त्याचे ठोकळे तिसऱ्या दिवशी शोधून सापडत नाहीत. होल बदलायचं काम आता त्याच्याकडेच.

होलात बसवलेल्या कपची कड पृष्ठभागाच्या निदान इंचभर खाली बसते ना, तेही पाहिलं. वर राहिली तर आत जाणारा चेंडू कडेला आपटून बाहेर येतो, आणि मग त्यातही ग्रीनकीपरचा दोष.

कॅडींची शिकवणी घेतली. चेंडू पडून झालेला खळगा काट्यानं खालून वर उचलायचा नाही, मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका राहतो. कडा चारी बाजूंनी मधे ढकलायच्या, मग पटरनं (पट मारायच्या काठीनं) थापायचं. ताबडतोब केलं तर काही दिवसांत मिटतो, सोडून दिला तर आठवडे. मुलं कंटाळली होती. म्हणून एसएसपी चौरासियाची गोष्ट सांगितली: वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर ग्रीनकीपर, मुलगा तिथेच खेळ शिकला आणि २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्यानंतर खळगे बुजवायला चढाओढ. किती दिवस टिकेल बघू.

१० नोव्हेंबर

स्पर्धा झाली, पाहुणे गेले. आकडे: तिसरं ८ फूट ८ इंच, सहावं ८ फूट १ इंच, सातवं ८ फूट ४ इंच. आठव्याचे दोन तुकडे अजून दोरीत, बाकीचं ग्रीन ८ फुटांवर. अर्ध्या फुटात बसलं नाही, थोडं बाहेर राहिलं. तीन-तीन पटांची तक्रार एकही नाही. 'तिसरं मंद झालं' अशा दोन.

दांडिया बाजारातले एक काका तीस वर्षं इथे खेळतात. बाकावर बूट काढत म्हणाले, "अगं, तू माझं नुकसान केलंस. सहाव्यावर सव्वापट जोर मारायचा हे मला माहीत होतं, पाहुण्यांना नव्हतं. चहाच्या पैजा मी तिथेच जिंकायचो." हसण्यावारी नेलं, पण घरी येताना विचार केला. त्यांचं अगदीच चूक नाही. मैदानाच्या खोडी ओळखणं हाही खेळच आहे. उतार, वारा, तिसऱ्याचा फसवा डावा काठ, या खोडी राहिल्याच पाहिजेत, त्या घडणीतल्या आहेत. पण गवताखालची सडकी रेघ ओळखण्यात कसलं कौशल्य? काकांना म्हटलं, दुसऱ्या ग्रीनच्या डावीकडच्या उताराला मी हात लावलेला नाही, पैजा तिथे लावा.

४ डिसेंबर

वाढ मंदावली. उंची ५ वर, कापणी दिवसाआड. उत्तरेकडे हिवाळ्यात रायग्रास पेरून हिरवं ठेवतात. आमच्याकडे थंडी तितकी नाही, आणि मार्चमध्ये राय आणि हरळी एकमेकांच्या उरावर बसतात तो महिना खेळाला वाईट. पेरणार नाही.

बोअरचं पाणी खारट. रोज थोडं थोडं शिंपडलं की मीठ वरच्या थरातच साचतं, म्हणून आठवड्यातून एकदा भरपूर आणि खोल, आणि मधल्या दिवसांत फक्त सुकलेल्या चट्ट्यांना हातपाइप. सकाळी दव झाडायला लांब बांबू आडवा फिरवतो. ओल लवकर गेली की बुरशी कमी, आणि पहिल्या गटाचा चेंडू पाण्याची रेघ काढत जात नाही.

१६ जानेवारी २०२५

उत्तरायण आणि वासी उत्तरायण दोन्ही सरले. मैदानभर मांजा. झाडांवर दिसतो, गवतातला दिसत नाही. गेल्या वर्षी एक रील असंच गुंतून बंद पडलं होतं. साधा सुती मांजा निदान तुटतो. बंदी असूनही मिळणारा नायलॉनचा दांड्याभोवती आवळत जातो आणि बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतो.

म्हणून आज कापणी नाही. सगळे माळी आणि कॅडी हात-हात अंतरावर रांगेत उभे राहून पहिल्यापासून नवव्यापर्यंत चालले, प्रत्येकाच्या हातात काठी, दोरा गुंडाळायला. सहाव्यापाशी कडुनिंबात एक टिटवी पायानं अडकलेली होती, मुलांनी शिडी लावून सोडवली. अकरापर्यंत दोन पोती दोरा. मग मशीन बाहेर.

आजचे आकडे थंडीमुळे थोडे खाली, पण एकत्र खाली: सर्वांत वेगवान ८ फूट २ इंच, सर्वांत मंद ७ फूट ९ इंच. मंद म्हणजे अजूनही सहावं. आसोपालवांचा विषय फेब्रुवारीच्या बैठकीत पुन्हा मांडायचा; सावली किती वाजेपर्यंत राहते याचे महिनावार फोटो जोडलेत.

सातव्या-आठव्यातला पुराचा गाळ बाहेर काढायला तिथे कोरिंगच्या दोन फेऱ्या लागतील. एरेटर २६ मे पासून सांगून ठेवलाय, ओरसंगची धुतलेली रेती एप्रिलअखेर येईल. कार्यालयातल्या कॅलेंडरवर मेचा शेवटचा आणि जूनचा पहिला आठवडा लाल पेनानं अडवलाय. त्यात कुणी स्पर्धा घालू नये.